लाल जिंकले की पांढरे?

२९ ऑगस्टला झाशीत पावसाची खात्री धरायला हरकत नसते. राष्ट्रीय क्रीडा दिन मात्र २९ ऑगस्टलाच असतो, कारण १९०५ साली त्या तारखेला मेजर ध्यानचंद जन्मले. जन्म घेताना मैदानाची स्थिती बघावी, असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे ज्या झाशीला सारा देश ध्यानचंदांचं गाव म्हणतो, जिथल्या हिरोज मैदानावर त्यांचे अंत्यसंस्कार झाले, तिथल्या कितीतरी मुलांचा क्रीडा दिन चार भिंतींच्या आत जातो. 'जीवनात खेळांचे महत्त्व' या विषयावर निबंधस्पर्धा होते. पहिला नंबर हमखास त्या मुलाचा येतो, जो वर्षभर पीटीच्या तासाला पोटात दुखतंय म्हणून बाकावर बसून असतो. निवांतपणामुळे त्याचं अक्षर सुधारलेलं असतं.

जपान्यांनी तारीख दुसऱ्या टोकाकडून धरली. १९६४चं तोक्यो ऑलिंपिक भरवायचं तर हवा कधी बरी असते, याचा आधी विचार झाला आणि १० ऑक्टोबरला उद्घाटन केलं. १९६६पासून त्या दिवसाची राष्ट्रीय सुट्टी झाली. २०००पासून ती सुट्टी ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी नेली, म्हणजे शनिवार-रविवारला जोडून मिळावी. सुट्टी जोडून घेण्याची ही कला पाहिली की जपानी माणूस आणि आपला सरकारी कर्मचारी मुळात एकाच कुळातले असावेत असं वाटू लागतं.

हे सगळं ज्ञान मानिक चौकात पोचलं ते मे महिन्यातल्या एका शनिवारी, पहाटे साडेपाचला, गच्चीवर.

मानिक चौक म्हणजे जुन्या झाशीतला बाजार. खाली साड्या, कापड, दागिने, वर माणसं. इथली मराठी घरं पेशव्यांच्या सुभेदारांमागोमाग आली. नारोशंकरांनी किल्ला वाढवला, शिवरावभाऊंनी शहराला तट घातला आणि बाकीच्या मंडळींनी त्या तटाच्या आत बसून पुढची दोनशे वर्षं पुण्याच्या मराठीला नावं ठेवली. आम्हां लोकांना राजघराण्याकडून दोन वारसे मिळाले. गंगाधरराव नाटकाचे शौकीन होते. राणीसाहेब पहाटे उठून मल्लखांब करत. सत्तावनच्या धामधुमीत इथे येऊन पडलेल्या वरसईच्या गोडसे भटजींनी 'माझा प्रवास'मध्ये बाईंच्या व्यायामाच्या शौकाबद्दल लिहून ठेवलंय. आमच्या घराण्यात मल्लखांब कुणाकडे गेला ते कळत नाही. नाटक सगळ्यांकडे आलं.

तर माझी भाची तोक्योत, निशी-कासाईत राहते. तिथे संगणकवाल्या भारतीयांची दाट वस्ती आहे. तो भाग एदोगावा वॉर्डात येतो आणि २०१९ साली त्या वॉर्डाच्या सभेवर योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस निवडून आला. ते कानावर पडल्यापासून आमची आत्या जपानचा उल्लेख 'आपल्या तिकडे' असा करते. भाचीचा मुलगा तिथल्या साध्या सरकारी प्राथमिक शाळेत तिसरीत आहे आणि त्या दिवशी त्याच्या शाळेची उन्दोकाई होती. उन्दोकाई म्हणजे शाळेचा क्रीडादिन. पण त्याला आईबाप, आजीआजोबा, शेजारीपाजारी सगळे डबे घेऊन जातात, तेव्हा वनभोजन म्हटलं तरी चालेल.

तिकडचं घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास. तिथे नऊ वाजले तेव्हा इथे नुकतं उजाडलं होतं. रात्रभर वीज नव्हती, म्हणून सगळा मोहल्ला गच्च्यांवर निजलेला. जुन्या गावात गच्च्या एकमेकींना खेटून असतात. एका घरात वाजलेला फोन पाच घरांना उठवतो. भाचीने व्हिडिओ लावला आणि फोनमधून कर्कश, धावतपळत बँड सुरू झाला. हे ऑफेनबाखच्या 'ऑर्फियस इन द अंडरवर्ल्ड'चं संगीत. पॅरिसच्या रंगभूमीवर ते पहिल्यांदा वाजलं १८५८ साली, म्हणजे झाशी इंग्रजांच्या हाती पडली त्याच वर्षी. तिथे बायका त्यावर पाय उडवून नाचत. जपानात त्यावर मुलं शंभर मीटर धावतात. शेजारचे सराफ भैयाजी चादरीतून तोंड बाहेर काढून म्हणाले, "जो का हो रओ? काऊ की बरात है का?"

"बरात नव्हे, आमच्या पणतूची शर्यत आहे," आत्याने जाहीर केलं. पाच मिनिटांत आमच्या गच्चीवर सराफांचं कुटुंब, खालच्या साडीदुकानाचे मालक आणि आयुष्यभर पीटी शिकवून निवृत्त झालेले मास्साब जमले. मास्साबांच्या गळ्यात शिट्टी होती. निवृत्तीनंतर ती त्यांनी काढलेली नाही. काढली तर आपल्याला कुणी ओळखणार नाही असं त्यांना वाटत असावं.

"पणजी, मी लाल!" पणतू फोनमध्ये ओरडला आणि पळाला.

तिथे सगळी शाळा दोनच गटांत वाटलेली असते, लाल आणि पांढरे. मुलांची टोपीच अशी शिवलेली की एका बाजूने लाल, उलटली की पांढरी. या रंगांचा उगम सांगतात तो तैरा आणि मिनामोतो या दोन सरदार घराण्यांच्या लढाईत. तैरांचे झेंडे लाल, मिनामोतोंचे पांढरे. ११८५ साली दान-नो-उराच्या समुद्रात तैरा बुडाले, पण त्यांचा रंग शाळेत टिकला. आपल्याकडेही शाळेत हाऊस असतात, पण चार. चार केले की चार शिक्षकांना कॅप्टनचे कॅप्टन होता येतं.

पहिला देखावा व्यायामाचा. रेडिओवरच्या पियानोवर सगळ्यांनी मिळून हातपाय हलवायचे. हा रेडिओ व्यायाम १९२८ साली सम्राटांच्या राज्यारोहणानिमित्त सुरू झाला आणि आजही त्या देशात लहानथोर तो करतात. मुलांबरोबर आया करत होत्या, बाप करत होते, काठी टेकलेले एक आजोबा काठी सांभाळून करत होते. मास्साब गप्प झाले. त्यांच्या हयातीत त्यांनी पाहुण्यांना फक्त दोन व्यायाम करताना पाहिलं होतं: हार घालून घ्यायला मान पुढे करणे आणि हार काढून कार्यकर्त्याकडे देणे.

गंमत अशी की जपानला आणि आपल्याला क्रीडादिन शिकवणारे मास्तर एकच, इंग्रज. चमचा-लिंबू आणि पोत्यातली शर्यत आपण त्यांच्याकडून घेतली. जपानात १८७४ साली तोक्योच्या त्सुकिजी भागातल्या नौदल विद्यालयात ब्रिटिश प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली असा पहिला मेळावा झाला. शर्यतींना नावं कशी, तर लहान मुलांच्या धावण्याला 'चिमणीची पिल्लं घरटं सोडतात', मोठ्यांच्या धावण्याला 'पाकोळ्या उडायला शिकतात'. पुढे पहिले शिक्षणमंत्री मोरी आरिनोरी यांनी शाळांत लष्करी कवायत आणली आणि तिच्यासोबत उन्दोकाई देशभर पोचली. पण बहुतेक शाळांना मैदानच नव्हतं. मग चार-पाच शाळा मिळून नदीकाठी नाहीतर देवळाच्या आवारात जमू लागल्या, मुलांमागून गाव आलं, गावामागून डबे आले. मंत्र्यांना सैनिक हवे होते. गावाने त्यांची जत्रा करून टाकली. सरकारी योजनेचं इतकं यशस्वी अपयश मी दुसरं पाहिलेलं नाही.

आपल्याकडे त्याच इंग्रजी रोपट्याला वेगळं फळ लागलं. त्याचं नाव प्रमुख पाहुणे.

आपला क्रीडादिन कसा होतो, हे ज्यांचं बालपण शाळेत गेलंय त्यांना सांगायला नको. आदल्या दिवशी मैदानावर फक्की मारतात. ट्रॅकच्या सहा रेघा पीटी सर दोरी लावून सरळ आखतात आणि रात्री गावातली गाढवं त्यांना हवं तसं वळण देतात. सकाळी सातला मुलं रांगेत. कॅनव्हासचे बूट खडूने पांढरे केलेले. पाहुणे आठला येणार, म्हणजे दहाला. दहाला दीपप्रज्वलन, मैदानावर वारा, सहा जणांचे हात ज्योतीभोवती, तरी ती विझते. मग मशाल, मग संचलन, मग शपथ, मग फुगे सोडणं. मग भाषण. पाहुणे सांगतात की निरोगी शरीरात निरोगी मन वास करतं, आणि समोर सातपासून उभ्या असलेल्या मुलांपैकी एक चक्कर येऊन पडतं. त्याला उचलून नेतात. भाषण चालू राहतं, कारण मन अजून वास करत असतं. शंभर मीटरच्या प्राथमिक फेऱ्या मागच्याच आठवड्यात झालेल्या असतात. आज धावणार फक्त सहा जण. उरलेले आठशे धुळीत मांडी घालून टाळ्या वाजवतात.

आणि खुर्च्या! आपल्या क्रीडादिनातली खरी शिस्त तिथे असते. पहिल्या ओळीत सोफा, त्याच्या पाठीवर टर्किश टॉवेल. दुसऱ्या ओळीत लाल गादीच्या खुर्च्या. तिसरीत प्लास्टिकच्या, हात असलेल्या. चौथीत प्लास्टिकच्या, हात नसलेल्या. कोण कुठे बसलंय यावरून शाळेच्या संस्थेतलं राजकारण परक्या माणसालाही वाचता येतं. सबंध कार्यक्रमपत्रिकेत मोठी माणसं जीव तोडून उतरतात असा खेळही एकच, संगीत खुर्ची. तिथे मी धर्मशील, पापभीरू माणसांना खांद्याने ढकलताना पाहिलंय.

फोनमध्ये खुर्च्या शोधायला आत्याने चष्मा लावला. एका कडेला शाळेचा तंबू होता, त्यात काही घडीच्या खुर्च्या आणि त्यांवर गावातली जुनी मंडळी. मुख्याध्यापकही बोलले, पण मास्साबांनी तंबाखू मळून होण्याआधी संपले. बाकी सगळे आईबाप जमिनीवर, निळ्या प्लास्टिकच्या चटयांवर. त्या चटईची जागा मिळवायला बाप लोक पहाटेपासून शाळेच्या फाटकाशी रांग लावतात. चटईबाहेर बूट काढून ठेवायचे, आत डबे मांडायचे: भाताचे मुटके, तळलेली कोंबडी, अंड्याच्या गुंडाळ्या. एकदा बूट काढून, मांडी घालून, हातात भाताचा मुटका घेतला की माणूस कितीही मोठा असो, त्याला प्रमुख पाहुणा होता येत नाही. हे मी अनेक अंगांनी तपासून पाहिलंय. मोजे दिसू लागले की प्रतिष्ठा टिकत नाही.

मग आला तो खेळ पाहून आमची गच्ची एकदम जागी झाली. मैदानाच्या मध्यभागी उंच काठ्यांवर दोन टोपल्या. एकीभोवती लाल टोप्यांची पोरं, दुसरीभोवती पांढऱ्या. जमिनीवर कापडाचे शेकडो चेंडू पडलेले. शिट्टी झाली की सगळ्यांनी उचलायचे आणि वर टोपलीत फेकायचे. नेम कुणाचा लागला हे देवालाही कळू नये अशी ती धुमश्चक्री. आमचा पणतू तर बराच वेळ एकच चेंडू फेकत होता, तो त्याच्याच डोक्यावर पडत होता, आणि तो पुन्हा फेकत होता.

खरी बहार पुढे. शिट्टी झाली, सगळी पोरं आपापल्या टोपलीभोवती खाली बसली. दोन शिक्षकांनी टोपल्या उतरवल्या आणि दोघांनी एकाच वेळी एकेक चेंडू काढून आभाळात उडवायला सुरुवात केली. प्रत्येक चेंडूबरोबर सबंध शाळा, सगळ्या चटया एका सुरात मोजायला लागल्या: एक, दोन, तीन. वीस झाले, तीस झाले. चाळिसाच्या पुढे आवाज चढत गेला. आमच्या गच्चीवर साडीवाले शेठ हिंदीत मोजत होते, आत्या मराठीत, सराफांची नात इंग्रजीत. आणि एका क्षणी पांढऱ्यांच्या शिक्षकाने टोपलीत हात घातला, चाचपलं आणि रिकामा हात वर केला. लाल टोप्या उसळल्या. भैयाजी सराफ उसळले. गच्चीवर पाण्याचा माठ होता, तो फुटला.

"पण पहिला कोण आला?" मास्साबांनी विचारलं.

"लाल आले," मी म्हटलं.

"लाल कळलं. त्यात नंबर कुणाचा? पदक कुणाच्या गळ्यात घालायचं?"

मी भाचीला विचारलं. ती म्हणाली, "मामा, पदक कुणालाच नाही. गुण लाल गटाला." मास्साब कठड्यावर बसले. आयुष्यभर त्यांनी एकेका मुलाला निवडून, घासून, जिल्ह्याला पाठवण्याचं काम केलं होतं. शे-दोनशे मुलांनी मिळून जिंकायचं आणि प्रमाणपत्र एकही छापायचं नाही, हे त्यांच्या हिशोबात बसेना. "फिर नाम किसका छपेगा?" ते पुटपुटले. प्रमाणपत्रावर नाव छापणं आणि ते चुकीचं छापणं ही आपल्या क्रीडाक्षेत्राची दोन मुख्य कामं आहेत, हे मला मान्य आहे.

तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की चेंडू गोळा करायला शिपाई आलाच नाही. चेंडू पाचवी-सहावीच्या मुलांनी गोळा केले, काठ्या त्यांनीच हलवल्या. माइकवर निवेदन करत होती तीही सहावीतली मुलगी. शर्यत संपते त्या रेघेवर कोण कितवा आला हे बघायला मुलं, खरचटलेल्यांना औषधाच्या तंबूत न्यायलाही मुलं. मोठे शिक्षक कडेला उभे. मास्साबांनी नकळत आपली शिट्टी मुठीत घट्ट धरली.

पुढे भाचीने तिच्या वस्तीतल्या उन्दोकाईचं जुनं चित्रीकरण पाठवलं. शाळांतून आता कमी झालेला एक प्रकार तिथे अजून चालतो. दोरीला पाव टांगलेले असतात, हात पाठीमागे ठेवून धावत जायचं, उडी मारून तोंडानेच पाव तोडायचा आणि तो दातांत धरून पुढे पळायचं. पाव साधा नसतो. त्यात लाल चवळीसारख्या दाण्यांचं गोड सारण असतं. हा पाव तोक्योच्या गिन्झा भागातल्या किमुराया दुकानाने काढला तो १८७४ सालीच, म्हणजे त्सुकिजीतल्या त्या पहिल्या मेळाव्याच्याच वर्षी, अन् तेथून चालत जाता येईल इतक्या अंतरावर. पुढच्या वर्षी तो थेट सम्राटांच्या पुढ्यात गेला.

"गोड सारण म्हणजे पुरणच की," आत्या म्हणाली. "पुरणपोळी दोरीला टांगायची आणि पोराला हात बांधून तिच्याखाली नाचवायचं? आपल्या तिकडे असलं करतात होय!" जपान तिच्या मनातून थोडा उतरला. साडीवाल्या शेठनी मात्र हा खेळ आपल्या जावयासाठी कसा उपयोगी आहे हे मनातल्या मनात जोखलेलं मी पाहिलं.

घोडदळाची लढाई लागली तेव्हा गच्चीवर तणाव निर्माण झाला. तीन मुलं मिळून घोडा होतात, चौथा त्यांच्या खांद्या-हातांवर स्वार, आणि स्वाराने दुसऱ्या स्वाराची टोपी हिसकायची. घोड्याच्या बाबतीत झाशी फार हळवी आहे. किल्ल्यावर एक जागा दाखवतात, जिथून राणीसाहेबांनी पाठीशी दामोदरला बांधून घोडा खाली घातला असं सांगतात. तिथे पाटीही आहे आणि प्रत्येक पर्यटक खाली वाकून "बाप रे" म्हणतो. "टोपी कसली हिसकता," आत्या फोनला म्हणाली, "उडी मारा!" फोनमधल्या सगळ्या आया आपापल्या पोरांना खाली उतरवण्यात गुंतल्या होत्या.

पूर्वी तिथे माणसांचे मनोरेही रचत. २०१५ साली ओसाका प्रांतातल्या याओच्या शाळेत दहा थरांचा मनोरा कोसळला, मुलं जखमी झाली, आणि मग जागोजागी त्यावर बंदी आली. आपण मुंबईकर नसलो तरी थरांची भाषा आपल्याला कळते. २०१४ साली उच्च न्यायालयाने हंडीला वीस फुटांची मर्यादा घातली, तेव्हा न्यायालय विरुद्ध गोविंदा हा सामना देशाने पाहिला होता. या बाबतीत दोन्ही देश सारखेच: पाचवा थर कोसळेपर्यंत सहाव्याचा विचार करायचा.

उन्दोकाई म्हणजे सगळं गोडच, असं नाही. भाचीने नंतर सांगितलं, मैदानात शिरायचं कसं आणि बाहेर पडायचं कसं याचीच मुलांकडून घोटून घोटून तालीम करून घेतात. सप्टेंबरचा उकाडा सोसवेना म्हणून कितीतरी शाळांनी ती मे महिन्यात आणली, आता मेसुद्धा तापतो म्हणून अर्ध्या दिवसात गुंडाळतात. पारा तिशीला गेला की तिथे चिंता सुरू होते, हे ऐकून मानिक चौकातले पंचेचाळीस अंशांत शिजणारे लोक थोडे सुखावले. शिवाय कॅमेऱ्याची तिकाटणी लावून दुसऱ्याचं पोर झाकणाऱ्या बापांना आवरायला शाळेला सूचना काढाव्या लागतात. सगळं काही मनुष्यजातीला धरूनच आहे.

फोन बंद झाल्यावर मास्साबांनी शेवटचा हुकमी पत्ता काढला. "ठीक है. पण ध्यानचंद कुठे झाला? जपानात की झाशीत?"

या प्रश्नाला झाशीत उत्तर नसतं. बर्लिनच्या अंतिम सामन्यात १५ ऑगस्ट १९३६ला जर्मनीवर ८-१, हे इथे शेंबडं पोरही सांगतं. आणि त्यानंतर हिटलर त्यांना काय म्हणाला ते इथला प्रत्येक पानवाला असं सांगतो, जणू दुभाषी तोच होता. पण मास्साबांनी थेट जपानला हात घातला. १९३२च्या लॉस एंजेलिसला भारताने जपानला ११-१ हरवलं. अमेरिकेला २४-१. त्या वर्षी हॉकीत उतरले होते तीनच संघ. जपानने अमेरिकेला हरवून रौप्य घेतलं आणि दोन्ही सामने हरलेल्या अमेरिकेला कांस्य मिळालं.

"म्हणजे अमेरिकेला उत्तेजनार्थ," आत्या म्हणाली. "मग तुमच्या वर्गातल्या पोरांना द्यायला काय झालं होतं?"

मास्साब गप्प. मला मात्र तिथेच कोडं उलगडलं. झाशी हे एकेकट्या वीरांचं गाव. एक राणी, एक ध्यानचंद. आम्ही पुतळे उभारतो, त्यांच्याखाली भाषणं करतो आणि घरी येऊन पंख्याखाली पडतो. एकाने पराक्रम केला की उरलेल्या सर्वांना बसायची मुभा मिळते अशी आमची समजूत आहे. ध्यानचंद पुन्हा होईल तेव्हा होईल. पण तोवर त्या आठशे पोरांनी धुळीत बसून टाळ्याच का वाजवायच्या? आणि मानिक चौकाला नुसतं बघता कुठे येतं? इथे दोन स्कूटर एकमेकींना घासल्या की चार गल्ल्यांतली माणसं भांडणात सहभागी होतात, त्यांतल्या निम्म्यांना कुणाची बाजू घेतली ते शेवटपर्यंत कळत नाही. प्रेक्षक असा कुणी उरतच नाही. उन्दोकाईसाठी याहून लायक प्रजा जपानात तरी आहे का? अडचण होते ती फक्त खुर्च्यांची.

हे मी बोलून दाखवलं आणि त्याच संध्याकाळी सराफांच्या पेढीवर सभा भरली. ठराव: थंडीत किल्ल्याखालच्या मैदानावर मानिक चौकाची उन्दोकाई. सगळ्यांनी खेळायचं. प्रमुख पाहुणे नाहीत. खुर्च्या नाहीत, सतरंज्या अंथरायच्या. समोशांच्या साक्षीने सर्वानुमते मंजूर.

मग प्रश्न आला रंगांचा. लाल आणि पांढरे, मी म्हटलं. सभेत शांतता पसरली. "लाल टोपी?" शेठ हळूच म्हणाले. "समाजवादी म्हणतील." पांढरी टोपी घातली तर काँग्रेसचे. निळी म्हणजे बसपा. भगवी कुणाची ते सांगायलाच नको. हिरव्याचा तर विषयच काढू नये असं सगळ्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. कुणीतरी पिवळा सुचवला, तेव्हा तो नुकताच कुठल्यातरी नव्या पक्षाने घेतल्याचं कळलं. उत्तर प्रदेशात इंद्रधनुष्य उमटलं तर त्यालाही आधी निवडणूक आयोगाला विचारावं लागेल, अशी परिस्थिती. तैरा आणि मिनामोतो हे इथे लढलेच नसते. झेंड्यांवरून चर्चा फिसकटली असती.

शेवटी आत्याने तोडगा काढला. खालच्या दुकानातली साड्यांची थप्पी उपसायला लावून ती म्हणाली, "एक गट डाळिंबी, दुसरा चिंतामणी. हे रंग कुठल्याच पक्षाला ठाऊक नाहीत." खरंच होतं. ते रंग सभेतल्या एकाही पुरुषाला ठाऊक नव्हते. उन्हात डाळिंबी कुठला आणि चिंतामणी कुठला हे सांगू शकेल अशी व्यक्ती सगळ्या आयोजनात एकच, त्यामुळे आत्याची मुख्य पंच म्हणून बिनविरोध निवड झाली.

निवडीनंतर आत्याने गुडघ्यांचा विषय काढला. सतरंजीवर बसलं तर उठवायला चार माणसं लागतील, तेव्हा पंचांपुरती एक खुर्ची. एकच. आत्याला नाही कोण म्हणणार? खुर्ची मंजूर झाली. मंडपवाला म्हणाला, खुर्ची उन्हात कशी ठेवायची, वर छत हवं. छताखाली पंच एकट्या बऱ्या दिसणार नाहीत, म्हणून शेजारी मास्साबांना दुसरी खुर्ची. दोन खुर्च्यांपुढे टेबल, टेबलावर फुलदाणी, फुलदाणीशेजारी माइक, कारण निकाल सांगायला तो लागणारच.

आमच्या घराण्यात नाटक सगळ्यांकडे आलंय हे मी आधीच सांगितलं. आत्या सध्या रोज संध्याकाळी आरशासमोर उभी राहून तयारी करते. निकालाआधी ती दोन शब्द बोलणार आहे. त्यांतला पहिला काल पाऊण तास चालला.